विद्यापीठाने नाकारलेला गंधशोधक

प्राण्यांच्या शरीररचनेचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, तर नाकाच्या प्रकरणात एक नाव हमखास भेटते. साप, मांजर, घोडा, गाय, वाघ, हत्ती अशा एकमेकांशी फारसे साम्य नसलेल्या प्राण्यांच्या नाकाशी आणि टाळूशी हे नाव जोडलेले आहे. कानाच्या प्रकरणात एका मज्जातंतूच्या निमित्ताने तेच नाव पुन्हा येते. हे नाव आहे डेन्मार्कचे शल्यविशारद लुडविग लेविन जेकबसन यांचे. ज्यांच्या शोधावर जगभरच्या विद्यापीठांत आजही व्याख्याने होतात, त्या जेकबसन यांना त्यांच्याच शहरातील विद्यापीठाने अध्यापकाची जागा कधी दिली नाही. त्याचे कारण त्यांच्या विद्वत्तेत नव्हते, त्यांच्या धर्मात होते.

जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याला जेकबसन हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र त्यांनी जे शोधले, त्याचा परिणाम तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. कुंडलिका नदीमुळे जुना जालना आणि नवीन जालना असे शहराचे दोन भाग पडले आहेत. नवीन जालन्याची वस्ती ओलांडून आसपासच्या कोणत्याही गावात गेले, तरी गोठ्यासमोर एक दृश्य कधी ना कधी दिसते. माजावर आलेल्या गाईचे मूत्र वळू हुंगतो, मान उंचावतो, वरचा ओठ वर मुडपतो आणि काही क्षण तसाच स्तब्ध उभा राहतो. पाहणाऱ्याला तो हसत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्या वेळी तो एका रासायनिक संदेशाचे वाचन करीत असतो. हे वाचन नेहमीच्या हुंगण्याच्या इंद्रियाकडून होत नाही. त्यासाठी त्याच्या नाकाच्या तळाशी एक वेगळे इंद्रिय आहे. ते इंद्रिय म्हणजे जेकबसनचे इंद्रिय होय. शहरातील घरांत पाळलेले मांजर एखादा वास घेतल्यावर तोंड अर्धवट उघडे ठेवून विचारात पडल्यासारखे बसते, त्यामागेही हेच इंद्रिय असते.

आगीत होरपळलेले शहर

जेकबसन यांचा जन्म १० जानेवारी १७८३ रोजी कोपनहेगन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी डेन्मार्कमध्ये ज्यूंना राहण्याची आणि काही व्यवसाय करण्याची मुभा होती, परंतु सार्वजनिक जीवनातील अनेक दरवाजे त्यांच्यासाठी बंद होते. वैद्यकाचे क्षेत्र त्या मानाने मोकळे होते. तरुण जेकबसन यांनी शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतले, १८०४ मध्ये परीक्षा दिली आणि लवकरच कोपनहेगनच्या शल्यचिकित्सा अकादमीत ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

त्यानंतर तीनच वर्षांनी कोपनहेगनवर मोठे संकट कोसळले. नेपोलियनच्या युद्धांचा तो काळ होता. डेन्मार्कचे आरमार फ्रान्सच्या हाती पडेल, या भीतीने ब्रिटिशांनी १८०७ च्या सप्टेंबर महिन्यात या शहरावर तोफगोळ्यांचा आणि अग्निबाणांचा वर्षाव केला. शहराचा मोठा भाग जळून खाक झाला, असंख्य नागरिक मृत्युमुखी पडले आणि अखेर डेन्मार्कला आपले आरमार ब्रिटिशांच्या स्वाधीन करावे लागले. या काळात फ्रीमेसन मंडळाच्या वास्तूत जखमींसाठी रुग्णालय उभारण्यात आले होते. त्याची जबाबदारी चोवीस वर्षांच्या जेकबसन यांच्यावर होती. भूल देण्याची विद्या अजून जन्माला आलेली नव्हती, जंतुसंसर्गाची कल्पनाही नव्हती. अशा परिस्थितीत भाजलेल्या आणि हातपाय तुटलेल्या माणसांवर त्यांनी उपचार केले.

युद्धाचा धुरळा खाली बसल्यावर मात्र जेकबसन यांचे लक्ष वेगळ्याच विषयाकडे वळले. निरनिराळ्या प्राण्यांच्या शरीररचनेचा तौलनिक अभ्यास हा तो विषय होता.

नांगराच्या फाळाजवळ

नाकाच्या दोन पोकळ्यांमध्ये एक उभा पडदा असतो. त्या पडद्याच्या खालच्या भागातील हाडाला शरीरशास्त्रात वोमर म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ नांगराचा फाळ असा आहे. हाडाचा आकार फाळासारखा दिसतो, म्हणून हे नाव पडले. या हाडाच्या लगत, पडद्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी जेकबसन यांना आढळली. नळीचे मागचे टोक बंद होते आणि तिच्याभोवती कूर्चेचे वेष्टन होते. तिला स्वतंत्र मज्जातंतूंचा आणि रक्तवाहिन्यांचा भरपूर पुरवठा होता. निसर्ग एखाद्या निरुपयोगी नळीसाठी एवढी सिद्धता करणार नाही, हे कोणाही जाणकाराच्या ध्यानात यावे अशी ती रचना होती.

जेकबसन यांच्या आधी कोणाच्याच नजरेस तेथे काही पडले नव्हते, असे नाही. नेदरलँडचे शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश यांनी १७०३ मध्ये एका सैनिकाच्या नाकातील पडद्यावर लहान छिद्रे असल्याचे नोंदवले होते. टाळूच्या पुढच्या भागातून नाकाकडे जाणाऱ्या सूक्ष्म नलिकांचे वर्णन तर डेन्मार्कच्याच निकोलस स्टेनो यांनी सतराव्या शतकात केले होते. परंतु हे सारे सुटे धागे होते. माणसाच्या शरीराचा अभ्यास करणाऱ्यांना ती एक क्षुल्लक विसंगती वाटली. जेकबसन यांनी माणसाला बाजूला ठेवून गाय, घोडा, मेंढी अशा जनावरांचे नाक तपासले आणि तेथे हे इंद्रिय त्यांना सुस्पष्ट स्वरूपात सापडले. अनेक सस्तन प्राण्यांत ते आहे, शाकाहारी प्राण्यांत ते विशेष विकसित आहे आणि माणसात मात्र त्याचा केवळ अवशेष उरला आहे, असा तौलनिक पट त्यातून उभा राहिला.

या शोधाची दखल पॅरिसमध्ये घेतली गेली. तौलनिक शरीरशास्त्रातील त्या काळचे सर्वांत मोठे अधिकारी जॉर्ज क्युव्हिए यांनी १८११ मध्ये जेकबसन यांच्या संशोधनाचा अहवाल फ्रेंच विद्वानांपुढे ठेवला. जेकबसन यांचा स्वत:चा सविस्तर प्रबंध १८१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो डॅनिश भाषेत होता आणि तेथील पशुवैद्यक संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला होता. पाळीव जनावरांच्या नाकातील एक नवे इंद्रिय, असा त्याचा विषय होता. ही भाषा डेन्मार्कबाहेर फार थोडे लोक वाचत. परिणामी शोध क्युव्हिए यांच्या अहवालामुळे सर्वत्र पोहोचला, पण मूळ प्रबंध फार कमी जणांनी वाचला.

या इंद्रियाचे नेमके कार्य काय, हे जेकबसन यांना निर्णायकपणे सांगता आले नाही. त्या काळच्या ज्ञानाच्या आधारे ते शक्यही नव्हते. कारण ज्या पदार्थांचे ग्रहण हे इंद्रिय करते, त्या पदार्थांची कल्पनाच रसायनशास्त्राला अजून यायची होती.

धर्म बदला, जागा घ्या

विद्वत्तेची एवढी मान्यता मिळालेल्या माणसाला कोपनहेगन विद्यापीठात स्थान मिळणे स्वाभाविक होते. तथापि विद्यापीठातील पदासाठी ल्यूथरपंथी ख्रिस्ती असणे आवश्यक मानले जात होते. २९ मार्च १८१४ रोजी डेन्मार्कच्या राजाने फर्मान काढून ज्यूंना व्यवसाय आणि व्यापारात इतर नागरिकांच्या बरोबरीचे हक्क दिले. विद्यापीठाचा दरवाजा मात्र त्यानेही उघडला नाही. त्या काळी युरोपात अनेक हुशार ज्यू तरुणांनी पदासाठी आणि प्रतिष्ठेसाठी बाप्तिस्मा घेतला. जेकबसन यांच्यासमोरही तो मार्ग होता. त्यांनी तो स्वीकारला नाही.

हा निर्णय सोपा नव्हता. कागदावर हक्क मिळाले, तरी रस्त्यावरचे वातावरण बदललेले नव्हते. १८१९ मध्ये जर्मन प्रांतांत ज्यूविरोधी दंगली उसळल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोपनहेगनमध्येही जमावाने ज्यूंच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ले केले. बंदोबस्तासाठी लष्कर आणावे लागले. अशा शहरात आपली ओळख न लपवता, न बदलता जेकबसन राहिले आणि काम करीत राहिले. राजाने त्यांना प्राध्यापक ही उपाधी दिली. ती सन्मानाची होती. विद्यापीठातील अध्यासन, विद्यार्थ्यांची पिढी आणि आपल्या विचारांची परंपरा निर्माण करण्याची संधी त्या उपाधीबरोबर आली नाही.

एखाद्या शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हे नुकसान किती मोठे असते, याचा अंदाज जेकबसन यांच्या पुढील कार्यावरून करता येतो. त्यांची बुद्धी एका विषयावर स्थिरावली नाही. मध्यकर्णाच्या पोकळीतून जाणाऱ्या एका सूक्ष्म मज्जातंतूचे वर्णन त्यांनी १८१८ मध्ये केले. तो आजही जेकबसनचा मज्जातंतू म्हणूनच ओळखला जातो आणि कानाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला त्याची माहिती असावी लागते. गर्भावस्थेत तात्पुरते काम करणाऱ्या आद्य मूत्रपिंडांवर त्यांनी १८३० मध्ये ग्रंथ लिहिला. मात्र हे संशोधन पुढे नेणारा शिष्यवर्ग त्यांच्याभोवती उभा राहू शकला नाही.

मुतखड्यावरील उपाय

समकालीनांमध्ये त्यांची कीर्ती पसरली, ती मात्र नाकामुळे नव्हे. मूत्राशयातील खडा हा त्या काळी अत्यंत भीतिदायक आजार होता. भूल नसल्याने रुग्णाला चार माणसांनी धरून ठेवावे लागे आणि शल्यविशारद ओटीपोटाच्या खालून चीर देऊन खडा बाहेर काढत असे. अनेक रुग्ण वेदनेने किंवा नंतरच्या संसर्गाने दगावत. चीर न देता, मूत्रमार्गातून उपकरण आत सरकवून खडा आतल्या आत फोडता येईल का, या प्रश्नाने युरोपातील शल्यविशारदांना झपाटले होते. पॅरिसमध्ये जाँ सिव्हियाल यांनी १८२४ मध्ये अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया करून दाखविली होती.

जेकबसन यांनी या कामासाठी स्वत:चे उपकरण तयार केले. बारीक वक्र नळीच्या टोकाला सांधे असलेली साखळीसारखी पट्टी होती. मूत्राशयात गेल्यावर ती फासासारखी उघडत असे, खड्याला कवेत घेत असे आणि बाहेरील स्क्रू फिरवला की आवळत जाऊन खडा फोडत असे. खड्याचे तुकडे नंतर लघवीवाटे बाहेर पडत. रचना साधी असल्याने हे उपकरण लवकरच डेन्मार्कबाहेर पोहोचले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १८३० च्या दशकात माँतियाँ पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. मायदेशातील विद्यापीठाने ज्यांना आपले मानले नाही, त्यांना परदेशातील अकादमीने पुरस्कार दिला.

२९ ऑगस्ट १८४३ रोजी कोपनहेगन येथे जेकबसन यांचे निधन झाले. त्या वेळी ते साठ वर्षांचे होते. त्यानंतर तीन वर्षांनी ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया करण्याचे युग सुरू झाले. सहा वर्षांनी, १८४९ मध्ये डेन्मार्कमध्ये नवी राज्यघटना लागू झाली आणि धर्माच्या कारणावरून नागरी हक्क नाकारण्याची पद्धत संपुष्टात आली. या दोन्ही गोष्टी पाहण्यासाठी ते हयात नव्हते.

शतकानंतर उलगडलेले कोडे

जेकबसन यांच्या इंद्रियाचे कार्य समजण्यासाठी त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीम पतंगांच्या माद्यांमधून एक पदार्थ वेगळा केला आणि १९५९ मध्ये त्याची रचना जाहीर केली. मादी हा पदार्थ अत्यल्प प्रमाणात सोडते आणि त्याच्या मागावर नर दुरून येतो. त्याच वर्षी पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर या दोघांनी अशा पदार्थांसाठी फेरोमोन हा शब्द सुचविला. एका प्राण्याने बाहेर सोडायचे आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वर्तनात किंवा शरीरात बदल घडवायचा, असे हे संदेशवाहक पदार्थ आहेत.

मराठी शेतकऱ्यांनी यासाठी कामगंध हा शब्द केव्हाच आपलासा केला आहे. जालन्यासारख्या कपाशीच्या जिल्ह्यात कामगंध सापळा माहीत नसलेला शेतकरी विरळाच. गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा कृत्रिम गंध सापळ्यात ठेवला की नर पतंग त्याकडे आकर्षित होऊन अडकतात आणि शेतात किडीचे प्रमाण किती आहे, याचा अंदाज येतो. या पतंगाच्या गंधाची रासायनिक ओळख १९७३ मध्ये पटली. मात्र कीटकांना जेकबसनचे इंद्रिय नसते. ते काम त्यांच्या शृंगिका म्हणजे मिशा करतात. संदेश पाठविण्याची पद्धत तीच आहे, तो घेण्याचे साधन निराळे आहे.

या दोन जगांना जोडणारा आश्चर्यकारक दुवा १९९६ मध्ये समोर आला. आशियाई हत्तीची मादी माजावर येण्याच्या सुमारास तिच्या मूत्रात जो पदार्थ आढळतो, तोच पदार्थ शेकडाभर जातींच्या पतंगांच्या माद्या नरांना बोलावण्यासाठी वापरतात, असे बेट्स रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. हत्ती सोंडेच्या टोकाने मूत्राचा अंश टिपतो आणि टाळूवरील छिद्रांना लावतो. तेथून तो जेकबसनच्या इंद्रियापर्यंत जातो. साप दुभंगलेली जीभ सतत आतबाहेर करतो, तेही याच कारणासाठी. हवेतील आणि जमिनीवरील रसायनांचे कण जिभेवर टिपून तो टाळूतील इंद्रियाकडे पोहोचवतो. सापाची जीभ डंख मारते, हा समज त्यामुळे पूर्णपणे चुकीचा ठरतो.

हे इंद्रिय एखाद्या पंपासारखे चालते. नळीच्या शेजारची रक्तवाहिनी आकुंचन पावली की नळीची पोकळी रुंदावते आणि द्रवात विरघळलेले कण आत ओढले जातात. वाहिनी पुन्हा फुगली की द्रव बाहेर ढकलला जातो. त्यामुळे हवेत सहज न उडणारे जड रेणूही येथे ओळखता येतात. त्यांचा संदेश मेंदूतील गंधाच्या मुख्य केंद्राकडे न जाता त्याच्या मागील एका दुय्यम केंद्रात आणि तेथून प्रजनन, भीती आणि आक्रमकता यांचे नियमन करणाऱ्या भागांकडे जातो. कॅथरीन डुलाक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९५ मध्ये या इंद्रियातील गंधग्राहकांची जनुके शोधली. पुढे २००२ मध्ये, या इंद्रियाच्या पेशींना लागणारे एक जनुक निकामी केलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. त्यांतील नर उंदरांना समोरचा उंदीर नर आहे की मादी, हे ओळखता आले नाही. दुसऱ्या नरावर चालून जाण्याऐवजी ते त्याच्याशीही मादीप्रमाणे वागू लागले.

सर्वच कामगंध या मार्गाने ओळखले जातात, असे नाही. डुकरांमधील नराचा गंध आणि सशाच्या पिलांना दूध पिण्यास प्रवृत्त करणारा गंध हे नेहमीच्या नाकानेच टिपले जातात. पक्षी आणि मगरींमध्ये हे इंद्रिय आढळत नाही. माणसाच्या गर्भात ते दिसते, काही प्रौढांच्या नाकात त्याचा खड्डाही उरतो, पण त्याला मेंदूशी जोडणारे तंतू प्रौढपणी आढळलेले नाहीत. इंद्रियाच्या कार्यासाठी लागणारे ते महत्त्वाचे जनुकही मानवात निकामी झालेले आहे. माणसाला आकर्षित करणारे कामगंध असल्याची जाहिरात करून अत्तरे विकली जातात. परंतु असा एकही मानवी कामगंध शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही. माणसात या इंद्रियाचा अवशेषच उरला आहे, हे दोनशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण त्यामुळे अधिकच भक्कम झाले.

मूळ प्रबंधाला वाचक मिळाला

जेकबसन यांच्या १८१३ मधील डॅनिश प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते दिदिए त्रोतिए आणि केल डोविंग या दोन संशोधकांनी केले. कामगंधांवर जगभर वेगाने संशोधन सुरू असलेल्या त्या काळात, ज्याचे नाव सारेच घेत होते, पण ज्याचे लिखाण फारच थोड्यांनी वाचले होते, असा हा शास्त्रज्ञ तब्बल १८५ वर्षांनी नव्या पिढीच्या हाती आला. त्यातील शरीररचनेचे वर्णन आजही उपयुक्त मानले जाते.

जेकबसन यांना अध्यासन मिळाले असते, तर या इंद्रियाचे रहस्य लवकर उलगडले असते का, याचे उत्तर देता येणार नाही. फेरोमोनची कल्पना येण्यासाठी रसायनशास्त्राला पुढे जावेच लागले असते. परंतु त्यांचे संशोधन एका परकीय विद्वानाच्या अहवालाच्या आधाराने जिवंत राहिले आणि मूळ प्रबंध एका लहान भाषेतील पशुवैद्यक नियतकालिकात पडून राहिला, ही वस्तुस्थिती आहे. आपल्या पद्धतीने शिकवण्याची, शिष्य घडवण्याची जागा त्यांना नाकारण्यात आली होती आणि ती मिळवण्यासाठी जी किंमत मागितली गेली, ती द्यायला ते तयार नव्हते. कोपनहेगन विद्यापीठातील कित्येक अध्यासनांवर त्या काळी जे विराजमान होते, त्यांतील बहुतेकांची नावे आज केवळ जुन्या नोंदवह्यांत उरली आहेत. जेकबसन यांचे नाव मात्र पशुवैद्यकाच्या वर्गात आजही रोज उच्चारले जाते.